शाळेचा गणवेश कोणाकडून घ्यायचा? शाळा व्यवस्थापन समितीत नव्याने आलेल्या पालकांसाठी

२०२२ च्या स्वातंत्र्यदिनाचा आमच्या शाळेचा एक फोटो आहे. सातवीतला सगळ्यांत उंच मुलगा पहिल्या रांगेत, पहिली-दुसरीच्या पोरांमध्ये मांडी घालून बसलाय. पाहुण्यांना वाटलं, गुरुजींनी लहानग्यांना सांभाळायला बसवलंय. तसं काही नव्हतं. उभा राहिला की नव्या कोऱ्या पँटची मोहरी घोट्याच्या चार बोटं वर जात होती, म्हणून तो स्वतःहून खाली बसला होता.

तो गणवेश ज्या बैठकीत ठरला, तिथे मी हजर होते. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत नवी सदस्य. तीन दरपत्रकं आली, सगळ्यांत कमी दर बघितला, ठरावावर सही केली आणि चहा पिऊन घरी आले. पुढे अध्यक्षपद माझ्याकडे आलं तेव्हा सगळं मुळापासून शिकावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय. शाळा खासगी असेल, तर पालक-शिक्षक संघातही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. त्याबद्दल मध्ये थोडं वेगळं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. पुरवठादाराला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. विचारा, "ज्या मुलाला बसणार नाही, त्याचं काय करणार?" या प्रश्नावर जो अडखळेल, त्याचा दर बघण्यात वेळ घालवायची गरज नाही.

१. पैसे किती आणि अधिकार कोणाचा, हे आधी बघा

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांचा खर्च समग्र शिक्षा योजनेतून होतो. उरलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये स्वतःची तरतूद केली. दर एका जोडीला ३०० रुपये, म्हणजे दोन जोड्यांचे ६००.

२०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापड वरून एकत्र खरेदी झालं, शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली, आणि कितीतरी शाळांत पंधरा ऑगस्ट उलटला तरी मुलांच्या अंगावर जुनेच कपडे होते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. म्हणजे जबाबदारीही आपल्याकडे आली. रंग, कापड आणि मुदत यांबद्दल त्या-त्या वर्षीचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. "सर म्हणाले" एवढ्यावर सही करू नका.

शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुख्याध्यापक सचिव असतात. कागद ते सांभाळतात, पण निर्णय समितीचा असतो.

आता ३०० रुपयांचं गणित समजून घ्या, कारण पुढची सगळी गोम त्यातच आहे. पहिलीच्या पोराच्या जोडीला जेवढं कापड लागतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट आठवीच्या पोराला लागतं. दर मात्र दोघांना एकच. त्यामुळे पुरवठादार लहान मापांत कमावतो आणि मोठ्या मापांत वाचवायला बघतो. कुठे वाचवतो? पँटच्या लांबीत, आतल्या मायेत (शिवणीत राखलेलं जादा कापड), खालच्या दुमडीत. आमच्या सातवीतल्या मुलाचं तेच झालं होतं.

२. मापं तुम्ही घ्या, आणि ती पुरवठादार ठरण्याआधी घ्या

"मॅडम, इयत्ता आणि पट सांगा, बाकी आम्ही बघतो," असं पुरवठादार म्हणतो. म्हणजे तो सरासरी मापाचा माल पाठवणार. सातवीच्या वर्गात एकाची उंची सव्वाचार फूट असते, दुसऱ्याची साडेपाच. सरासरी दोघांनाही बसत नाही.

मार्च महिन्यात, परीक्षेच्या आधी, दोन दिवस काढा. आम्ही गावातल्या एका जुन्या शिंप्याला बोलावलं आणि समितीतल्या चार आयांनी त्याच्याकडून टेप धरायला शिकून घेतलं. शर्टासाठी छाती, उंची, खांदा, बाही. पँटसाठी कंबर, सीट, लांबी. मुलींच्या सलवार-कुर्त्याला मुंढा (बाही जोडतात तो घेर) आणि कुर्त्याची उंची वेगळी. प्रत्येक मुलाची एक ओळ, आणि मापं घेणाऱ्याची सही.

शिंपीकाका म्हणाले, "ताई, मार्चचं माप जूनला द्यायचं नसतं. पोरं आंब्याबरोबर वाढतात." त्यांच्या सांगण्यावरून आम्ही लांबीत दीड ते दोन इंच आणि छाती-कंबरेत एक ते दोन इंच वाढ धरली. लांबीतली वाढ दुमडीत ठेवायची, म्हणजे पोरगं जूनमध्ये पँट ओढत चालत नाही आणि दिवाळीनंतर आई घरीच दुमड उसवून देते.

पहिलीत येणारी मुलं मार्चमध्ये शाळेत नसतात. त्यांची मापं एप्रिलच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात घ्या. तिथे पोरं आणि आया दोघंही सापडतात. कोणी राहिलंच, तर अंगणवाडीत जा.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची पोरं मार्चमध्ये बहुधा फडावर असतात. त्यांची नावं पटावर असतात आणि मापांचा रकाना कोरा राहतो. अशा नावांसमोर भावंडाचं किंवा मागच्या वर्षीचं माप अंदाजाने भरण्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवा आणि मे महिन्यात ते परतले की भरा.

३. पुरवठादार किती प्रकारचे असतात

पहिला, बॅग घेऊन येणारा. शाळा सुटायच्या वेळी मोटारसायकलवर येतो, बॅगेतून पाच-सहा सुबक शर्ट काढतो, बोलायला गोड. त्याचं दुकान नसतं, कारखाना नसतो. माल कुठून येतो ते तो सांगत नाही आणि अदलाबदल करायची वेळ आली की फोन उचलत नाही. आमचा २०२२ चा पुरवठादार याच जातीचा.

दुसरा, तालुक्याचं कापड दुकान. बऱ्याचदा हा तयार माल बाहेरून आणतो. दर थोडा जास्त, पण दुकान जागेवर असतं आणि बाजाराच्या दिवशी जाऊन भांडता येतं. भांडायला पत्ता असणं किती महत्त्वाचं, ते मी अनुभवाने सांगतेय.

तिसरा, थेट उत्पादक. महाराष्ट्रात गणवेश म्हटलं की सोलापूर. चादरी-टॉवेलचं हे शहर गणवेश शिवण्याचंही मोठं केंद्र आहे आणि तिथल्या उत्पादकांची संघटना गणवेशाचं प्रदर्शनही भरवते. सूटिंगचं कापड बऱ्याचदा राजस्थानातल्या भीलवाड्याहून येतं. मोठ्या पटाची शाळा असेल किंवा केंद्रातल्या चार-पाच शाळा एकत्र आल्या, तर थेट उत्पादकाशी बोलणं परवडतं. साठ-सत्तर पटाच्या एकट्या शाळेला तो फारसा भाव देत नाही.

चौथा, गावातला बचत गट किंवा शिंपी. कापड समितीने घ्यायचं, शिलाई त्यांनी करायची. मापाला याच्याइतकं चोख कोणी नाही, कारण पोरं त्यांच्या दारावरून शाळेत जातात. अडचण वेळेची. आमच्या गटाकडे सहा मशिनी होत्या, पण काज करायचं मशीन एकही नव्हतं. काज-बटणासाठी शर्टांची गाठोडी तालुक्याला न्यावी लागली आणि त्यात नऊ दिवस गेले. त्यात मे महिना लग्नसराईचा, सगळ्यांकडे ब्लाऊजची रास. बचत गटाला काम द्या, जरूर द्या, पण कापड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात पाहिजे, आणि काज कुठे होणार हे आधी विचारा.

४. दरपत्रक मागवताना

किमान तीन दरपत्रकं, बंद पाकिटात. सगळ्यांना एकाच मजकुराचं पत्र द्या: कापडाचा प्रकार, रंग, मापांची यादी, मुदत, अदलाबदलीची अट. नाहीतर एक जण टेरिकॉटचा (सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण) दर देतो, दुसरा पूर्ण पॉलिस्टरचा, आणि आपण दोन्ही एकाच तक्त्यात बसवतो.

इथले सापळे मोजून चार:

- "३०० अधिक जीएसटी." या किमतीच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे जोडीमागे १५ रुपये. आमचा पट ११८, जोड्या २३६, वरचे ३,५४० रुपये. ते कुठून आणणार? दर करासहित मागा आणि पत्रात तसं लिहा.
- तिन्ही दरपत्रकं एकाच माणसाने आणून देणं. तीन लेटरहेड, अक्षर एकच. असं दिसलं की तिन्ही परत करा.
- "निधी आल्यावर पैसे द्या, घाई नाही." निधीला उशीर होतो हे त्यालाही माहीत असतं. त्या उधारीचं व्याज तो कापडातून वसूल करतो.
- टक्का. कोणी "समितीचं काहीतरी बघू" म्हणालं, तर बैठकीत सगळ्यांसमोर त्याला ते वाक्य पुन्हा बोलायला सांगा. मी एकदा सांगितलं. तो माणूस पुन्हा आला नाही.

दरपत्रकासोबत पुरवठादाराकडून हे घ्या: जीएसटी नोंदणी आणि पॅनची प्रत, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, मागच्या दोन वर्षांत जिथे माल दिला अशा शाळांची नावं, आणि शिवलेला एक पूर्ण जोड, तुकडा नव्हे. त्या शाळांना फोन करा. मुख्याध्यापकांना नको, ते सगळं छान होतं म्हणतात. समितीतल्या एखाद्या पालकाला करा.

५. नमुना धुवा, घासा, जाळा आणि तोला

बैठकीत नमुना हातात फिरतो, सगळे बोटांनी चोळतात आणि "कापड बरंय" म्हणतात. नवं कापड खळीमुळे बरंच लागतं. खरं रूप पाण्यात गेल्यावर कळतं.

आटतं का बघायला कापडावर बॉलपेनने २५ सेंटीमीटरचा चौकोन काढा. कोमट पाण्यात तासभर बुडवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. चौकोन २४ चा झाला, तर कापड ४ टक्के आटलं. ऐकायला थोडं वाटतं, पण ८० सेंटीमीटरची पँट ३ सेंटीमीटरहून जास्त वर जाते. आपण लांबीत धरलेली बहुतेक वाढ पहिल्याच धुण्यात संपली.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून गडद कापडावर वीस-पंचवीस वेळा जोरात घासा. रुमाल निळा झाला, तर पहिल्या पावसात आकाशी शर्टही निळा होणार.

जाळण्याची परीक्षा शिंपीकाकांनी शिकवली. कापडाचे चार धागे चिमट्यात धरून पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि मागे भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही दिसतं: थोडी राख, थोडा मणी. टेरिकॉट म्हणून आणलेल्या कापडाचा नुसताच काळा मणी झाला, तर समजून घ्या. पूर्ण पॉलिस्टर टिकतं आणि लवकर वाळतं, पण घाम शोषत नाही. पत्र्याच्या वर्गात मार्च-एप्रिलमध्ये ते घालून बसणारं पोर आपलं असतं.

वजनासाठी आम्ही सोनाराकडे गेलो. कापडाचा दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा बरोबर कापायचा आणि ग्रॅमचे दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायचा. जो आकडा येईल त्याला शंभरने गुणलं की चौरस मीटरचं वजन, ज्याला हे लोक जीएसएम म्हणतात. शर्टाचा तुकडा १.२ ग्रॅम भरला, म्हणजे १२० जीएसएम. पुरवठादाराच्या कागदावर १४० होतं. सोनाराने विचारलं, "वहिनी, हे गहाण ठेवायचंय का?" आम्ही हसलो, पण त्या पुरवठादाराचं पाकीट तिथेच बाद झालं. शर्टाला ११० ते १३० ठीक असतं, पँटला २०० च्या आसपास हवं. आकड्यापेक्षा महत्त्वाचं, कागदावर जे लिहिलंय तेच काट्यावर यायला पाहिजे.

६. कपडा उलटा करून बघा

शिलाई बाहेरून सगळ्यांची सारखीच दिसते, म्हणून कपडा उलटा करा. एका इंचात टाके मोजा. दहा-बारा असतील तर चांगलं, सहा-सात असतील तर महिन्याभरात उसवणार. पँटच्या बैठकीची शिवण दुहेरी हवी, कारण पोरं पहिली तिथेच फाडतात. आतल्या कडा ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने गुंफलेल्या हव्यात. बाजूला किमान अर्धा इंच माया आणि खाली दोन इंच दुमड आहे का, हे पट्टीने मोजा. बटण धरून ओढा, चेन दहा वेळा वर-खाली करा. लहान वर्गांच्या पँटला आणि स्कर्टला मागे इलॅस्टिक मागा.

आणि मुलींच्या कुर्त्याला खिसा. पुरवठादार कुरकुर करतो, "डिझाइनमध्ये नाही" म्हणतो. डिझाइन आपणच ठरवतोय. रुमाल, पेन्सिल, पाच रुपये ठेवायला मुलींनाही जागा लागते.

७. खासगी शाळांतल्या पालकांसाठी

तुमच्याकडे प्रश्न उलटा असतो: पुरवठादार शाळेने आधीच ठरवलेला असतो आणि दर त्याच्या मनाचा. ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही. सीबीएसईनेही एप्रिल २०१७ मध्ये संलग्न शाळांना ठरावीक विक्रेत्यांकडून पुस्तकं-गणवेश घ्यायला लावू नका, असं बजावलं होतं. पण नियम दाखवून भांडण्यापेक्षा पालक-शिक्षक संघात दोन मागण्या लावून धरा. एक, शाळेचं चिन्ह कापडावर छापण्याऐवजी शिवता येईल असा वेगळा बिल्ला करून शाळेच्या कार्यालयातून विकावा. दुसरी, रंग आणि कापडाचा तपशील सूचना फलकावर लावावा. चिन्ह सुटं झालं की मक्तेदारीची निम्मी हवा जाते, कारण मग गल्लीतला शिंपीही तोच गणवेश शिवू शकतो.

८. पुरवठा आदेशात काय हवं

समितीचा ठराव इतिवृत्तात आला, तुलनात्मक तक्ता जोडला, की आदेश लिहा. त्यात मापांची यादी जोडपत्र म्हणून हवी. शिवाय या अटी:

- माल जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत पोचावा.
- माल मंजूर नमुन्याप्रमाणेच असावा.
- न बसणारे कपडे पंधरा दिवसांत बदलून किंवा दुरुस्त करून द्यावेत. येण्याजाण्याचा खर्च पुरवठादाराचा.
- रकमेचा दहावा भाग अदलाबदल पूर्ण झाल्यावरच मिळेल.

शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त घासाघीस होते. सोडू नका. पैसे पूर्ण गेले की आपलं गाऱ्हाणं ऐकायला कोणी रिकामं नसतं.

मंजूर झालेला जोड पिशवीत घालून, पिशवीवर पुरवठादार, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक तिघांच्या सह्या घेऊन शाळेच्या कपाटात कुलुपात ठेवा. आलेला माल याच्याशीच ताडायचा.

९. माल येतो तो दिवस

टेम्पो बहुतेक वेळा दुपारी येतो आणि चालकाला घाई असते. "चलनावर सही करा, मला पुढच्या गावाला जायचंय." सही करा, पण सहीच्या वर लिहा: "गठ्ठे मिळाले, मोजणी व तपासणी बाकी." हे सहा शब्द तुमचे पैसे वाचवतात.

मग मापांनुसार गठ्ठे लावा, मोजा, प्रत्येक मापातले दोन-तीन उघडून कपाटातल्या नमुन्याशी जुळवा. मोठी मापं एकूण एक उघडा. पँटची लांबी टेपने मोजा. साठा नोंदवहीत नोंद झाल्यावरच बिल पुढे जाईल, आणि पैसे खात्यातूनच, रोख नाही.

१०. वाटप

आम्ही वाटपाच्या दिवशी पालकांना बोलावतो आणि मुलांना तिथेच घालून बघायला सांगतो. मुलींसाठी एक वर्ग बंद ठेवतो. न बसलेला कपडा तिथेच बाजूला काढायचा, नावाची चिठ्ठी टाचायची, वाटप नोंदवहीत "बदली" लिहायचं. घरी नेऊन धुतलेला कपडा कोणी परत घेत नाही. वाटप नोंदवहीवर पालकाची सही किंवा अंगठा घ्या, तपासणीला तीच वही आधी मागतात.

पहिल्या वर्षी न बसलेल्यांचा गठ्ठा मोठा होता. मापं स्वतः घ्यायला लागल्यापासून तो एका पिशवीत मावतो. त्यातले बरेच कपडे दुरुस्तीला पाठवावेही लागत नाहीत, पोरं आपसातच बदलून घेतात. कोणती मापं कमी पडली, कोणती उरली, हे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये कामाला येतं. आणि आदेश देतानाच मधल्या मापांचे दोन-चार जोड जास्त पडतील का, हे पुरवठादाराला विचारून बघा. जुलैत बदली होऊन आलेल्या कुटुंबाचं पोर दाखल होतं, तेव्हा त्याच्यासाठी दुसरं काही हाताशी नसतं.